बास्कांची खानावळ आणि आपली पंगत

सॅन फ्रॅन्सिस्को आणि आसपासच्या गावांत कुठे काय चांगलं मिळतं, याची यादी आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असते. इथिओपियन इंजेरा कुठली, बर्मी चहाच्या पानांची कोशिंबीर कुठली, डोसा कुठे कुरकुरीत मिळतो आणि कुठे मऊ पडतो, यावर आपल्या घरच्या बैठकींत तासन्‌तास चर्चा झडतात. पण "बास्क" हा शब्द काढला की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे स्पॅनिशच ना?" मंडळी, हा प्रश्न बास्क माणसापुढे काढू नये. "मराठी म्हणजे हिंदीच ना?" असं ऑफिसातल्या कुणी विचारलं की आपला चेहरा कसा होतो, ते आठवावं आणि गप्प बसावं.

गेल्या काही वर्षांत मी या शहरात आणि शहराबाहेर थोडं लांब जाऊनही बास्क जेवणं जेवलो. धंद्याने मी सॉफ्टवेअरवाला. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट मिळवताना एकच गोष्ट पक्की शिकलो, ती म्हणजे मोजायला निघण्यापूर्वी काय मोजायचं ते ठरवावं. रेस्टॉरंटची परीक्षणं चव, दर आणि वाढपाची तत्परता या तीन गोष्टी मोजतात. मीही त्या मोजणार आहे. पण बास्क जेवणाच्या बाबतीत चौथी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: माणसाला जेवायला बसवतात कसं? तो एकटा आला तर त्याचं काय होतं? या प्रश्नाचं उत्तर बास्कांनी एकदा फार चांगलं दिलं होतं. आज ते त्यांच्याही हातून निसटत चाललं आहे, आणि आपण तर ते कधी दिलेलंच नाही, असं माझं मत आहे. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

आधी थोडी ओळख. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, समुद्राला लागून बास्कांचा मुलूख आहे. त्याचे परंपरेने सात प्रांत, चार स्पेनमध्ये आणि तीन फ्रान्समध्ये. त्यांच्या भाषेचं नाव एउस्कारा. तिचं जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. बास्क माणूस स्वतःला "एउस्काल्दुन" म्हणवतो, म्हणजे "ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो". ओळख प्रांतावर, देशावर नव्हे, तर भाषेवर ठरवणारे हे लोक आपल्याला परके वाटायचं कारण नाही.

एका बास्क माणसाचं नाव तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नवारा प्रांतातल्या हाविएर किल्ल्यात १५०६ साली जन्मलेला आणि १५४२ साली गोव्याला पोचलेला फ्रान्सिस झेवियर. त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे. झेवियर हे नाव "एचेबेरी" या बास्क शब्दावरून आलं. त्याचा अर्थ "नवं घर". मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्यांनी आपल्या पदवीवरचं ते नाव एकदा या दृष्टीने वाचून पाहावं.

बास्क कॅलिफोर्नियात आले ते १८४९ च्या सोन्याच्या गर्दीबरोबर. त्यांतले बरेचसे दक्षिण अमेरिकेतून आले. सोनं थोड्यांनाच मिळालं. बाकीचे मेंढपाळीकडे वळले. पुढची शंभर वर्षं कॅलिफोर्निया, नेवाडा आणि आयडाहोच्या डोंगराळ, ओसाड माळांवर बास्क पोरं महिनोन्‌महिने एकटी मेंढरांमागे हिंडत होती. इंग्रजी येत नाही, घर नाही, पत्ता नाही. अशा माणसांसाठी रेल्वे स्टेशनाजवळ किंवा गावाच्या जुन्या भागात बास्क जोडप्यांनी "ओस्टातु" काढले. ओस्टातु म्हणजे राहण्याची सोय असलेली खानावळ. सॅन फ्रॅन्सिस्कोत १८६६ साली आगिरे नावाच्या बास्क गृहस्थाने पॉवेल स्ट्रीटवर हॉटेल बांधलं आणि त्याला हँडबॉलचं मैदानही जोडलं. पुढे ब्रॉडवे आणि स्टॉकटन स्ट्रीटच्या परिसरात ओब्रेरो, देझ आल्प, बास्क हॉटेल अशा खानावळी उभ्या राहिल्या.

ही खानावळ केवळ जेवणापुरती नव्हती. मेंढपाळाचं पत्र तिथे येई, त्याचे पैसे मालकिणीकडे ठेवलेले असत, नोकरीची खबर तिथेच कळे, आजारी पडला तर तो तिथेच पडून राही, डॉक्टरकडे दुभाष्या म्हणून मालक जाई. बास्क मुलुखातून कामाला आलेल्या मुलींची लग्नंही याच जेवणघरांत जुळत. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना ज्या खानावळींनी जगवलं, त्यांची आठवण इथे हटकून येते. तिथेही पुरुष एकटे, गाव लांब आणि रांधणाऱ्या बाया आपल्याच मुलुखातल्या. त्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे वाचकांना माहीत असेलच. खानावळीचा गोडवा गाताना तिच्यामागे कुणाचे हात राबत होते, हे विसरू नये. बास्क खानावळीतही पहाटे उठून तीस-चाळीस माणसांचं रांधणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

आता जेवणाकडे येऊ. खानावळीची मूळ पद्धत मला पाहायला मिळाली ती सॅन फ्रॅन्सिस्कोत नव्हे, तर बेकर्सफील्डमध्ये. लॉस एंजेलिसच्या वाटेवर २०१२ साली आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून नोरिएगा हॉटेलात गेलो. १८९३ साली सुरू झालेलं ते ठिकाण. २०११ साली त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा "अमेरिकाज क्लासिक्स" हा सन्मान मिळाला होता. रात्रीचं जेवण सात वाजता, म्हणजे सातलाच. तोवर सगळी मंडळी पुढच्या बारमध्ये पिकॉन पंच घेत उभी. नारिंगाच्या सालीचा कडवटपणा असलेलं मद्य, डाळिंबाचं सिरप, सोडा आणि वरून ब्रँडीची धार, असं हे पेय. त्यातलं मूळ फ्रेंच मद्य अमेरिकेत मिळेनासं झाल्यावर त्याची जागा तोरानी कंपनीच्या "आमेर"ने घेतली. ही तीच १९२५ साली सॅन फ्रॅन्सिस्कोत सुरू झालेली कंपनी, जिची रंगीत सिरपं आपण कॉफीच्या दुकानांत पाहतो.

सातला दार उघडलं आणि सगळे आत. लांबच लांब टेबलं, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. कोण कुणाशेजारी बसणार हे ठरवणारं कुणी नाही. जागा मिळेल तिथे बसायचं. माझ्या डावीकडे एक निवृत्त तेलकामगार आणि उजवीकडे शाळेतल्या शिक्षिका. सुपाचं मोठं भांडं आलं. त्यामागोमाग शिजवलेल्या घेवड्याचा वाडगा, टोमॅटो-मिरचीची चटणी, व्हिनेगरमध्ये मुरवलेली जीभ, सॅलड, पाव, रस्सा, मग मुख्य मांस आणि तळलेले बटाटे, शेवटी चीज. मेन्यू कार्ड नाही. भांडं शेजाऱ्याकडून घ्यायचं, आपलं वाढून पुढे सरकवायचं. "जरा घेवडा इकडे द्या" एवढं बोलल्यावाचून जेवताच येत नाही, आणि एवढं बोललं की पुढचं बोलणं आपोआप निघतं. सूप चांगलं होतं, रस्सा उत्तम होता, बटाटे मात्र आपल्या घरच्या काचऱ्यांपुढे साधेच. पण त्या टेबलाला मी पूर्ण गुण देतो.

नोरिएगा २०२० साली कोविडच्या साथीत बंद झालं. लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसवणारी जागा त्या वर्षात टिकणं कठीणच होतं. पण खरा घाव आधीच बसलेला होता. १९७० नंतर स्पेनमध्ये सुबत्ता आली, बास्क पोरांना मेंढरांमागे यायची गरज उरली नाही, आणि ते काम पेरूहून आलेल्या मेंढपाळांकडे गेलं. खानावळीत राहायला कुणी नाही म्हटल्यावर ती नुसती जेवायची जागा झाली. सॅन फ्रॅन्सिस्कोतल्या ब्रॉडवेवरच्या खानावळी तर त्याच्या पुष्कळ आधीच एकेक करून मिटल्या.

मग या शहरातले बास्क गेले कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आले ते मुख्यतः फ्रान्सच्या बाजूचे. त्यांनी बागकाम, बेकऱ्या, लाँड्र्या आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं धरली. त्या लोकांनी १९८२ साली साउथ सॅन फ्रॅन्सिस्कोत बास्क कल्चरल सेंटर उघडलं. २००० सालच्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत स्वतःला बास्क म्हणवणारे जेमतेम ५८ हजार होते. एवढ्याशा समाजातल्या माळ्यांनी आणि बेकरीवाल्यांनी स्वतःची वास्तू उभी केली: हँडबॉलचं बंदिस्त मैदान, मोठं सभागृह, बार आणि रेस्टॉरंट. आपल्यातले किती अभियंते, डॉक्टर आणि कंपन्यांचे मालक या खाडीभोवती राहतात, याचा हिशेब मी इथे मांडत नाही; तो ज्याचा त्याने मनातल्या मनात करावा.

सेंटरमध्ये मी तीनदा जेवलो. पद्धत खानावळीचीच, फक्त प्रत्येक कुटुंबाचं टेबल वेगळं. सुपाचं भांडं टेबलावर ठेवून देतात, हवं तेवढं घ्या. भाज्यांचं ते सूप साधं, पण घरच्यासारखं, दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटणारं. मग सॅलड, मग मुख्य पदार्थ. कोकराचं मांस तिथे नक्की घ्यावं. मंद आचेवर हाडापासून सुटेपर्यंत शिजवलेलं, लसूण सढळ हाताने घातलेला, मसाला जवळजवळ नाही. आपल्या जिभेला पहिले चार घास काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पाचव्या घासाला मांसाची स्वतःची चव लागते, आणि आपण कांदा-खोबऱ्याच्या वाटणाखाली इतकी वर्षं काय काय झाकत आलो, असा विचार मनात येतो. (हा विचार घरी बोलून दाखवू नये.)

चवीपेक्षा अधिक लक्षात राहिली ती भोवतालची वर्दळ. बारपाशी म्हातारे फ्रेंचमध्ये आणि एउस्कारात गप्पा मारत होते, बाजूला "मुस" हा त्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, पलीकडच्या मैदानावरून भिंतीवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज येत होता. जेवण हे तिथे वास्तूत येण्याचं निमित्त आहे. एखादा पाहुणा आला तर त्यालाही पैसे देऊन तेच जेवण मिळतं, सभासदत्व कुणी विचारत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे जेवण बिल्बाओत किंवा बायोनला असं मिळत नाही. एवढे पदार्थ एका दमात वाढायचे आणि शेवटी भलामोठा स्टेक ठेवायचा, ही दिवसभर राबून आलेल्या मेंढपाळासाठी अमेरिकेत घडलेली पद्धत आहे. म्हणून ती खोटी ठरते का? मला नाही वाटत. परदेशात गेलेला समाज जे रांधतो, तोही त्याचाच इतिहास असतो. मात्र तो गोठूनही जातो. खानावळीचा मेन्यू १९५० सालचाच राहिला आणि तिकडे मूळ मुलूख पुढे निघून गेला. सान सेबास्तियनमध्ये १९७६ च्या सुमारास हुआन मारी आर्झाक, पेद्रो सुबिहाना वगैरे तरुण शेफ मंडळींनी आपल्या जुन्या पदार्थांना नवं वळण द्यायची चळवळ सुरू केली. १९८९ साली आर्झाक यांच्या रेस्टॉरंटला मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. इकडचे बास्क मात्र रस्सा-बटाट्यांवरच होते. महाराष्ट्र सोडताना जो महाराष्ट्र डोळ्यांत भरला तोच खरा, असं मानणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही दरी सॅन फ्रॅन्सिस्कोत भरून काढली ती जेराल्ड हिरिगोयेन यांनी. जन्म बियारित्झचा. १९९१ साली सुरू झालेल्या फ्रिंगाल या रेस्टॉरंटमुळे ते नावारूपाला आले, आणि २००२ साली त्यांनी बॅटरी स्ट्रीटवर पिपेराद काढलं. रेस्टॉरंटचं नाव ज्या पदार्थावरून पडलं तो आपल्याला लगेच ओळखीचा वाटेल: कांदा, भोपळी मिरची आणि टोमॅटो तेलावर सावकाश परतून एकजीव करायचे, एस्पेलेत गावच्या लाल मिरचीची पूड भुरभुरायची, वर हॅम आणि अंडं. अंड्याच्या भुर्जीचा लांबचा, सुशिक्षित चुलतभाऊच. ही एस्पेलेतची मिरची तिखटाला सौम्य आणि वासाला गोड असते. तीही आपल्या मिरचीसारखीच अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली, आणि तिकडच्या घरांच्या भिंतींवर तिच्या माळा वाळत घालतात. फ्रान्सने २००० साली तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं.

मी पिपेरादमध्ये जेवलो ते जेवण या सगळ्यांत पाककलेच्या दृष्टीने सर्वांत सरस होतं. लसणाच्या सुपात पाव आणि अंडं इतकं हलक्या हाताने मिसळलेलं की लसूण उग्र न लागता नुसता उबदार लागावा. गातो बास्क हा केक, म्हणजे खुसखुशीत आवरणात दाट क्रीम, पुन्हा मागवला. दर अर्थातच खानावळीच्या पुष्कळ वर. आम्ही चौघं मित्र आमच्या टेबलाशी बसलो, आमच्यातच बोललो, आमच्या ताटांचं कौतुक केलं आणि घरी आलो. त्यात काही कमी होतं असं नाही. चांगल्या रेस्टॉरंटने हेच करायचं असतं. शेफने बास्क स्वयंपाकाला प्रतिष्ठा दिली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण लांब टेबल सांभाळणं हे शेफचं काम नव्हेच. ते समाजाचं काम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे हल्ली शहरात उगवणारे, स्वतःला बास्क म्हणवणारे बार. अशा एका ठिकाणचा अनुभव सांगतो, नाव सांगत नाही. मंद दिवे, जोरदार संगीत आणि पाटीवर पिंचो. पिंचो म्हणजे काडीला टोचलेला एक-दोन घासांचा पदार्थ. सान सेबास्तियनमध्ये लोक एका बारमध्ये उभ्याउभ्या एक पिंचो आणि घोटभर चाकोली वाइन घेतात, चार ओळखीच्यांना भेटतात आणि पुढच्या बारकडे सरकतात. गल्लीभर फिरत केलेलं जेवण ते. इथे मात्र बसायला दोन तासांची वेळ बांधून दिलेली, आणि एका काडीवरची एक अँकोव्ही, एक ऑलिव्ह आणि दोन लोणच्यातल्या मिरच्या यांना जो दर लावला होता त्यात खानावळीत अर्धं जेवण झालं असतं. वर "पारंपरिक बास्क चीजकेक" अशी जाहिरात. वरून करपवलेला हा चीजकेक सान सेबास्तियनच्या ला व्हिन्या बारमध्ये १९९० साली जन्मला. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या पदवीपेक्षाही तो तरुण आहे. चीजकेक बरा होता. पण तिथे बास्क ही फक्त पाटी होती, मागे माणसं नव्हती.

तर हिशेब असा. पाटीवाल्या बारमध्ये नाव आहे. शेफच्या रेस्टॉरंटमध्ये चव आहे. सेंटरमध्ये वास्तू आणि माणसं आहेत. आणि एकट्या माणसाला अनोळखी माणसाशेजारी बसवणारं टेबल जवळजवळ कुठेच उरलेलं नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपलं मंडळ गणपतीला, दिवाळीला, संक्रांतीला जेवण देतं. मसालेभात, श्रीखंड, पुरी. केटरर चांगला असला तर अळूची भाजीही. उरलेलं वर्षभर आपण एकमेकांच्या घरी जेवतो, आणि त्या जेवणांना तोड नाही, हे मी स्वतः वाढलेल्या पोटाच्या साक्षीने सांगतो. कुणी म्हणेल, आपण बायकामुलांसह आलो, आपल्याला खानावळीची गरजच काय? पण घरच्या जेवणाला आमंत्रण लागतं, आणि आमंत्रण ओळखीच्याला जातं. मागच्या महिन्यात सनीव्हेलला नोकरीवर रुजू झालेला लातूरचा मुलगा, मुलांनी इकडे आणलेले पण दिवसभर बोलायला कुणी नसलेले आजी-आजोबा, जोडीदार गमावल्यावर मेजवान्यांच्या यादीतून नकळत गळलेल्या काकू: यांना शनिवारी संध्याकाळी न बोलावता जाता येईल असं मराठी टेबल या खाडीभोवती माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्या अमेरिकन शेजाऱ्याला तर मराठी जेवण म्हणजे काय, हे पैसे देऊनही कळायची सोय फारशी नाही. तो बिचारा बटर चिकनवर आपली समजूत काढतो.

म्हणून माझी सूचना आहे. वास्तू जेव्हा व्हायची तेव्हा होवो. समिती त्यावर विचार करतेच आहे. तोवर महिन्यातला एक ठरलेला रविवार, एक भाड्याचा हॉल, लांब टेबलं, एकच मेन्यू, आणि साडेबाराला म्हणजे साडेबाराला पंगत. आधी कळवण्याची अट नको, सभासदत्व नको. ताटाचे पैसे दारात द्यायचे. भांडी टेबलावर, वाढून घेऊन पुढे सरकवायची. आणि रांधण्याची पाळी पुरुषांचीही. सान सेबास्तियनमध्ये पुरुषांनी जमून स्वयंपाक करण्याची मंडळं आहेत. त्यांतलं एक, युनियन आर्तेसाना, १८७० साली स्थापन झालं. अशा मंडळांनी बायकांना पुष्कळ काळ दाराबाहेर ठेवलं, तो भाग आपण घेऊ नये. पण पुरुषांनी कांदा चिरणं आणि मागाहून पातेली घासणं, एवढं जरूर घ्यावं.

जाता जाता शाकाहारी वाचकांसाठी दोन शब्द. बास्क खानावळीत घेवड्यात सॉसेज आणि सुपात हाडांचं पाणी असू शकतं, तेव्हा आधी विचारावं. हॅमशिवाय पिपेराद, बटाट्याचं जाड ऑम्लेट, भाजलेल्या लाल पिकियो मिरच्या आणि मेंढीच्या दुधाचं धुरकट इदियासाबाल चीज, एवढ्यावर अंडं चालणाऱ्याचं जेवण छान होतं. अंडंही न चालणाऱ्यांनी सॅलड, पाव आणि चीज यांवर समाधान मानावं, किंवा रविवारच्या पंगतीची वाट पाहावी.

ज्यांना ही पंगत हवीशी वाटते त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेला यावं. काय रांधायचं यावर आपल्यात एकमत होणार नाही, हे मी गृहीत धरलं आहे. म्हणून आधी रविवार कुठला, एवढंच ठरवू.